हॉलच्या भिंतीत मध्येच आलेला कॉलम, अंधारा पॅसेज आणि ओली खोली: काय करता येईल?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. ठाण्यात जुन्या इमारतीत तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. हॉलची लांब भिंत 14 फुटांची आहे. मुख्य दाराकडून 5 फूट गेलं की तिच्यात एक फूटभर रुंदीचा कॉलम 9 इंच पुढे आलाय आणि त्याच्या पलीकडे 8 फूट भिंत सपाट आहे. तिथे सोफा आहे. दाराशेजारी इलेक्ट्रिकचा डीबी बॉक्स, म्हणजे घरातले मुख्य स्विच असलेली पेटी, डोळ्यांत खुपतो. आतला पॅसेज 3 फूट रुंद आणि अंधारा. मागच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे धरतात. सासूबाईंना घरातले जुने फोटो लावायचेत, नवऱ्याला अख्ख्या भिंतीवर वारली चित्र हवंय, आणि दुकानदार म्हणतोय की सगळीकडे पीव्हीसी पॅनल मारून टाका, दोन दिवसांत काम फत्ते.

मी बावीस वर्षं घरांच्या आतली कामं करतेय, बरीचशी ठाणे-पुण्यात आणि काही कोकणात. तुम्ही याला ‘रिकाम्या भिंतींचा प्रश्न’ म्हटलंय. वाचल्यावर मला त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दिसले. हॉलचा प्रश्न मापाचा आहे, पॅसेजचा उजेडाचा आणि बेडरूमचा पाण्याचा. तिन्हींवर एकच पॅनल मारलं तर एकही सुटणार नाही, आणि बेडरूमचा तर बिघडेल. म्हणून तिन्ही वेगळे घेऊ.

त्याआधी ज्या गोष्टी मला इथे बसून ठरवता येत नाहीत, त्या सांगते. भिंत कशाची आहे ते तपासा. एखाद्या झाकल्या जाणाऱ्या जागी, सोफ्यामागे खाली, ड्रिलने एक छोटं भोक पाडून बघा. लाल पूड आली तर विटेची भिंत, तिथे साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लॅस्टिकची नळी) आणि स्क्रू उत्तम धरतात. करड्या-पांढऱ्या रंगाची हलकी भुकटी भसाभस पडली तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. त्यांत आखूड गिट्टी सैल होते, लांब आणि त्याच ब्लॉकसाठी मिळणारी घ्यावी लागते. ड्रिल आत जायलाच तयार नसेल तर काँक्रीट, त्याला हॅमर ड्रिल लागतं. तुमचा कॉलम काँक्रीटचाच असणार. त्यावर एखादी हलकी फ्रेम लावायला हरकत नाही, पण ड्रिल सळईला लागलं तर तिथेच थांबा आणि जागा बदला. कॉलम खरवडून आत घेता येईल, असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि प्रत्येक स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागेत छिद्र पाडायचं नाही. वायरीचे पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात.

आता हॉल.

आपल्याकडे वाड्यांची मापं खांबांवरून सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. तीन खणी ओसरी, पाच खणी माजघर. खांब मध्ये आला म्हणून कुणाला अडचण वाटत नसे, कारण खांबाच्या अलीकडे आणि पलीकडे कामं वेगळी चालत. भिंतीत कोनाडे, फडताळ, खुंट्या असत. भिंत सजवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे, तिच्यात रोजच्या वापरातल्या वस्तूच राहत. तुमच्या 14 फुटी भिंतीकडे मी तशीच बघते. कॉलममुळे तिचे 5 आणि 8 फुटांचे दोन खण आपोआप झालेत. आत्ता खटकतंय ते एवढंच की दोन्ही खणांवर एकच सजावट ताणून बसवायचा विचार चाललाय, आणि कॉलम तिचे तुकडे करतोय.

दारातून येणाऱ्याला आधी 5 फुटांचा खण दिसतो आणि मग कॉलमची 9 इंचांची बाजू. मी या खणात जमिनीपासून सात फुटांपर्यंत पुस्तकांचं उघडं कपाट करेन, बरोबर कॉलमइतकं, 9 इंच खोल. कपाट आणि कॉलम एका रेषेत आले की कॉलम वेगळा उरतच नाही, तो कपाटाची कड होतो. 9 इंच हे माप पुस्तकांना फार सोयीचं आहे. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच असतात. ती उभी राहून पुढे दोन-तीन इंच मोकळे राहतात आणि दिवाळी अंकही मावतात. सुताराला दोन गोष्टी आधीच सांगा. प्लाय 18 मिलिमीटरचा हवा, आणि पाच फुटांची फळी सलग टाकायची नाही, मध्ये उभी पट्टी हवीच. पुस्तकांच्या वजनाने तीन फुटांपेक्षा लांब फळी वर्ष-दोन वर्षांत मध्ये झोपते. अडीच-अडीच फुटांचे दोन भाग केले की सरळ राहते. सगळे कप्पे पुस्तकांनी भरू नका. डोळ्यांसमोरचे दोन-तीन कप्पे पितळी समई, सावंतवाडीची लाकडी फळं, मुलांनी केलेलं काहीबाही, यांच्यासाठी ठेवा. सुतारकाम बजेटबाहेर जात असेल तर याच मापाचं तयार लोखंडी-लाकडी शेल्फही चालेल, फक्त त्याची खोली नऊ इंचांच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर कॉलमऐवजी कपाट पुढे आलेलं दिसेल.

दाराशेजारचा डीबी बॉक्स याच कोपऱ्यात आहे. तो कायमचा झाकायचा नाही, त्याच्यासमोर कपाट आणायचं नाही. रात्री एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच) पडली तर अंधारात एका हाताने उघडता आला पाहिजे. हलक्या लाकडी फ्रेमला एका बाजूने बिजागरी लावून ती दारासारखी उघडेल अशी बसवा, आत कापडावरचं चित्र किंवा छापील कागद. मागे हवा खेळायला बोटभर जागा सोडा आणि कोणती एमसीबी कशाची, हे आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

आता 8 फुटांचा खण, म्हणजे सोफ्यामागची भिंत. इथे एक प्रयोग कराच, खर्च शून्य आहे. मुख्य दारात उभ्या राहा आणि बघा. मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसा आणि बघा. सोफ्यावर बसणाऱ्याला मागची भिंत दिसतच नाही, ती दिसते या दोन जागांवरून. फ्रेम कुठे आणि किती उंचीवर लावायची, हे तिथून ठरतं. आपल्याकडे चित्रं फार वर लावायची सवय आहे. जुन्या घरांत छताजवळ, पुढे झुकवून फोटो लावत, कारण खाली गर्दी, गाद्या-उशा, पोरांचे हात असत, आणि उंच दालनात ते शोभून दिसे. नऊ फूट उंच छताच्या फ्लॅटमध्ये तशी लावलेली फ्रेम छताला चिकटलेली वाटते. उभ्याने बघायचं असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवा. सोफ्याच्या वर असेल तर दुसरं माप महत्त्वाचं: सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत 6 ते 8 इंच. याहून जास्त अंतर पडलं की सोफा आणि चित्र एकमेकांचे राहत नाहीत. आणि रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश. तुमचा सोफा 7 फुटी आहे असं धरलं तर 84 इंचांचे दोन-तृतीयांश म्हणजे 56 इंच, साडेचार फुटांच्या जरा वर. ते एकच चित्र असो की चार मिळून, माप सगळ्यांचं मिळून धरायचं. बहुतेक घरांत मला 7 फुटी सोफ्यावर दीड फुटाची एकटी फ्रेम दिसते आणि मग माणसं म्हणतात, भिंत अजून रिकामीच वाटते. ती रिकामी नसते, फ्रेम लहान असते.

खिळा कुठे मारायचा याचा हिशेब बरेच जण चुकतात, म्हणून उदाहरणच घेते. फ्रेम 24 इंच उंच. मध्य 57 वर हवा, म्हणजे वरची कड 57 अधिक 12, 69 इंचांवर. आता फ्रेमच्या मागची तार बोटाने वर ताणा, खिळ्यावर टांगल्यासारखी. ती वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा. समजा 2 इंच. म्हणजे खिळा 67 इंचांवर. तार न ताणता मोजलं की फ्रेम इंच-दीड इंच खाली बसते आणि मग दुसरं भोक पडतं.

वारलीबद्दल तुमच्या घरात दोन मतं आहेत, त्यात मी तिसरं घालते. वारली मलाही मनापासून आवडते, आणि म्हणूनच पेंटरकडून मोबाइलमधलं चित्र बघून अख्ख्या भिंतीवर ती उतरवून घेऊ नका. मूळचं हे चित्र लग्नघरातलं. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाष्णी लग्नाचा चौक लिहीत, आणि चौकात पालघाट देवी असे. डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी 1970च्या दशकात ते लग्नाच्या बाहेर आणलं, रोजचं जगणं कागदावर आणि कापडावर रंगवलं. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. डहाणू, जव्हार, तलासरीकडचे चित्रकार आजही मागणीप्रमाणे चित्रं करून देतात, आणि ठाण्याहून ती गावं काही लांब नाहीत. त्यांच्याकडून गेरूच्या रंगाच्या कापडावर साडेचार फूट बाय दोन-अडीच फुटांचं एक चित्र करून घ्या. शेती, मासेमारी, तारपा नाच, जे तुम्हाला जवळचं वाटेल ते सांगा, बाकी त्यांच्यावर सोडा. एका माणसाच्या हाताने केलेल्या वारलीत माणसं खरोखर फिरताना दिसतात. ठशासारखी उतरवली की ती नुसती त्रिकोणं होतात. शिवाय कापडावरचं चित्र घर बदललं तर तुमच्याबरोबर येतं, भिंतीवरचं पुढच्या मालकाच्या रंगाखाली जातं.

कापडावरच घ्या म्हणण्याला आणखी एक कारण आहे. तुमची बाल्कनी या भिंतीच्या एका टोकाला आहे, म्हणजे उजेड भिंतीला घासून येतो. अशा उजेडात दोन गोष्टी होतात. चकचकीत रंग असेल तर पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दिसतो, म्हणून इथे मॅट रंगच लावा. आणि काचेची फ्रेम असेल तर जेवणाच्या टेबलावरून चित्राऐवजी बाल्कनीची ग्रिल दिसते. उघडं कापड, लाकूड, विणकाम यांना हा त्रास नाही. मात्र थेट ऊन येत असेल तर कोणताही रंग उडतो, जुन्या फोटोंचा सगळ्यात आधी. दुपारी तीन-चारला ऊन भिंतीवर कुठपर्यंत चढतं, ते पेन्सिलने खूण करून ठेवा. त्या खुणेच्या आत मोलाचं काही लावू नका.

आता पॅसेज आणि सासूबाईंचे फोटो. मला हे दोन्ही एकत्र दिसतात. पॅसेज ही चालत जायची जागा आहे, तिथे माणूस एका जागी उभं राहून मोठं चित्र बघत नाही, तीन फुटांत मागे सरकायलाही जागा नसते. तिथे एकामागून एक बघायच्या लहान गोष्टी शोभतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा अशीच आहे, पोथीतलं एकेक चित्र पुढे करत कथा सांगायची. घराण्याचे फोटोही एका अर्थाने पोथीच आहेत. आजेसासऱ्यांचा टोपीतला, सासूबाईंच्या लग्नातला, गावच्या घरासमोरचा, मग तुमचा, मग मुलांचा. बेडरूमकडे जाताना काळ पुढे सरकतो आणि परत येताना मागे. सगळे एका मापाच्या, एका रंगाच्या, बारीक फ्रेममध्ये, मध्यरेषा एकाच उंचीवर, दोन फ्रेमांमध्ये दोन-अडीच इंच. मूळ फोटो कपाटात जपून ठेवा आणि स्कॅन करून काढलेल्या प्रती भिंतीवर लावा. इथे जाड फ्रेम किंवा फळी नको. खांद्याच्या उंचीवर दोन-तीन इंच पुढे आलेली वस्तूही रोज लागते.

यात एक नाजूक बाब आहे. पुष्कळ घरांत गेलेल्या माणसांचे आणि हयात माणसांचे फोटो एका रांगेत लावलेले ज्येष्ठांना चालत नाहीत, काहींना गेलेल्यांचे फोटो ठरावीक दिशेलाच हवे असतात. मी कामाच्या पहिल्याच भेटीत हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारते. खिळे मारून झाल्यावर कळलं तर भिंतीपेक्षा मनं जास्त दुखावतात. सासूबाईंना वेगळी जागा हवी असेल तर 5 फुटांच्या खणातला एक कप्पा त्यासाठी द्या, तिथे हार घालायला आणि दिवा ठेवायलाही जागा होते. दिवा लावणार असाल तर वरची फळी चांगली दीड-दोन फूट उंच ठेवा आणि दिवा जळत असेपर्यंत कुणीतरी तिथे असू द्या.

पॅसेजच्या अंधाराला उत्तर मात्र फोटो नाही, दिवा आहे. छतातल्या एका पांढऱ्याफट्ट ट्यूबने फोटोंवर काचेची चमक येते आणि माणसांचे चेहरे मेल्यासारखे दिसतात. भिंतीपासून थोडे अंतर ठेवून, भिंतीकडे साधारण 30 अंशांत झुकणारे दोन-तीन छोटे स्पॉट लावा, उजेड 2700 ते 3000 केल्विनचा, पिवळसर. पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवर आरसा लावायचा मोह होईल. तो लावण्याआधी त्या जागी घरातलाच लहान आरसा धरून बघा. समोर खिडकीचा उजेड दिसत असेल तर जरूर लावा. संडासाचं दार दिसत असेल तर नको.

आता बेडरूम, आणि इथे मी जरा आग्रहाने बोलते. पोपडे धरलेल्या भिंतीवर पॅनल, वॉलपेपर, मोठी फ्रेम, काहीही लावू नका. रत्नागिरीजवळच्या एका घरात मला हे उघडून बघायची वेळ आली. बेडमागे सुंदर दिसणारं पॅनल होतं, आणि दोन पावसाळ्यांनंतर मुलाचा खोकला थांबेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. पॅनल काढलं तेव्हा मागची भिंत काळी पडलेली होती, लाकडी पट्ट्या हाताने चुरडल्या जात होत्या, आणि खोलीभर तो ओलसर कुबट वास सुटला. पाणी भिंतीत यायचं थांबलेलं नव्हतं, फक्त दिसायचं थांबलं होतं. भिंतीतलं पाणी आपल्याबरोबर क्षार आणतं, ते पृष्ठभागावर येऊन सुकतात, फुगतात आणि रंग-पुट्टी ढकलून देतात. आपण त्यालाच लोणा धरला म्हणतो. वाळायची वाट बंद केली की ओल आतच मुरते.

आधी ओल येते कुठून ते शोधा. पोपडे खरवडून, भिंत पुसून, तिथे एक फूट बाय एक फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेत दमटपणा आहे, खिडकी-पंख्याने आणि कपाट भिंतीपासून जरा पुढे घेऊन फरक पडेल. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. मग बाहेरून बघायचं: गिलाव्याच्या भेगा, खिडकीच्या छज्जाचा उतार, भिंतीला लागून उतरणारा ड्रेनेज पाइप, शेजारच्या किंवा वरच्या बाथरूमचा सांधा. बाहेरच्या भिंतीचं काम सोसायटीशी बोलून करावं लागेल, त्याला वेळ लागतो हे मला माहीत आहे, पण दुसरी वाट नाही. हे काम दिवाळीनंतर काढा म्हणजे भिंत वाळायला उन्हाळ्यापर्यंतचे महिने मिळतात. नवीन गिलावा केला तर रंगाआधी किमान 28 दिवस तरी थांबा. त्यानंतर एक पावसाळा भिंत साध्या रंगात उघडी राहू द्या. तेवढा काळ ती रिकामी दिसली तरी दिसू द्या. पावसाळा कोरडा गेला की मग तिथे आजीच्या हातची गोधडी छान दिसेल. वरच्या कडेला मागून नेफा शिवायचा, त्यात पडद्याचा रॉड घालायचा आणि रॉड दोन ब्रॅकेटवर ठेवायचा. कापडाला एकही खिळा लागत नाही आणि दर दोन-तीन महिन्यांनी काढून उन्हात टाकता येते. जुनी पैठणी फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला बजावून सांगा की गोंद लावायचा नाही. धुतलेल्या मांजरपाटावर हलक्या टाक्यांनी शिवून मग काचेमागे घालायची. गोंदाचे डाग काही वर्षांनी रेशमावर पिवळे उमटतात आणि ते जात नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवा: आत्ता पॅसेजचे दिवे आणि फोटो, मग पाच फुटांचं कपाट आणि डीबीची फ्रेम, मग वारली, आणि बेडरूम सगळ्यात शेवटी. वारली यायला वेळ लागेल, तोवर सोफ्यामागे वर्तमानपत्रं लावा. खरंच सांगतेय. साडेचार फूट बाय अडीच फूट एवढा कागद जोडून मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि चार-पाच दिवस तसाच राहू द्या. येता-जाता सगळ्यांनी बघावं, कुणी म्हणेल दोन इंच खाली घ्या, कुणी म्हणेल डावीकडे सरकवा. मी प्रत्येक घरात हे करते. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातली एखादी व्यक्ती न सांगता उठते, कागद काढते आणि बरोबर जागी लावते. तुमच्याकडे त्या कदाचित सासूबाईच असतील. त्या कागदाच्या वरच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा, चित्रकाराला तेच माप कळवा.